दार उघडं होतं तेवढा वेळ

कंटेनर आला तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की आधी नुसता मागे येणाऱ्या गाडीचा पींपीं आवाज ऐकू आला. मग बऱ्याच वेळानं शेडच्या कोपऱ्यावरून एक पांढरी भिंत आमच्याकडे सरकत आली. ठकूमावशीनं हातातली कात्री एप्रनला पुसली, पुढे होऊन त्या भिंतीला तळवा लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"आगं, केवढी गार ही."

"हे नुसतं धुक्यानं, मावशी. आत याहून गार आहे. अर्धा डिग्री."

"अर्धा म्हंजे?"

"म्हणजे पाण्याचा बर्फ होता होता राहील इतकं."

तिनं पुन्हा एकदा त्या भिंतीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आन् ह्यात पंचवीस दिवस ऱ्हाणार माझ्या पोरी?"

फुलांना ती पोरी म्हणायची. आम्हालाही पोरीच म्हणायची. ती कोणाबद्दल बोलतेय हे तिच्या हाताकडे बघून ओळखायचं.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. पवन मावळात आमच्या गावाबाहेर गुलाबांची सहा पॉलिहाऊसं होती, त्यांच्या मधोमध फुलांची प्रतवारी करायची, ग्रेडिंगची शेड आणि शेडला लागून थंड खोली. साठ बाया कामाला. मी तिथं कॉम्प्युटरवर बसायची, कागद करायची, हॉलंडला मेल लिहायची. माझं नुकतंच लग्न झालं होतं. ठकूमावशी शेड उघडल्या दिवसापासून होती. फुलाचा दांडा किती सेंटिमीटर आहे ते तिला पट्टीवर धरावं लागत नसे; हातात घेतलं की ती योग्य ढिगात टाकून मोकळी. तिचा नवरा दगडखाणीत गेला तेव्हा ती पंचवीसची होती. मूलबाळ नव्हतं.

आणि दौलतदादा. दौलतदादा वारिंगे. याच शेतावर औषध फवारायला म्हणून आले आणि मॅनेजर झाले. इंग्रजी त्यांना येत नसे, पण गुलाबाचं काय बिनसलंय ते त्यांना पानाच्या पाठीवरून कळायचं. हॉलंडचा व्यापारी याप दर वर्षी यायचा, तेव्हा दोघं पॉलिहाऊसमध्ये तासन्‌तास हिंडायचे. मी मध्ये दुभाषी, पण बरेचदा माझी गरजच पडत नसे.

आदल्या उन्हाळ्यात मात्र याप हिंडायला उठलाच नाही. शेडमध्ये पालथ्या क्रेटवर बसला आणि म्हणाला, बसा. तो एकेक वाक्य बोलायचा आणि मी ते मराठीत करायची. आमची फुलं तेव्हा मुंबईहून विमानानं जायची. याप म्हणाला की तिकडची गिऱ्हाइकं आता विचारतात, या गुच्छामागे किती धूर सोडलात. मोठी दुकानं तो आकडा लेबलवर मागतात. केनियाची फुलं जहाजानं येऊ लागलीत. विमानाच्या मानानं धूर किरकोळ आणि भाडंही कमी. पुढच्या हंगामापासून त्याची कंपनी विमानानं आलेलं एकही फूल घेणार नव्हती. तुमची फुलं जहाजानं येऊ शकली तर मला हवीत, तो म्हणाला. व्हॅलेंटाइनला एक कंटेनर पाठवून बघा.

दौलतदादांनी मला एवढंच विचारायला सांगितलं: माल खराब निघाला तर?

यापनं थोडा विचार केला. "चूक कुठे झाली ते सापडलं, तर चूक दुरुस्त करून पुन्हा पाठवा," तो म्हणाला. "पण फुलातच दम नसेल, तर मी काय करणार?"

मालक पुण्याला असायचे. त्यांनी फोनवर सांगून टाकलं की ही ऑर्डर गेली तर पॉलिहाऊसं ठेवण्यात अर्थ नाही, जागेला मागणी आहे. म्हणजे साठ बाया आणि दौलतदादांची पंधरा वर्षं त्या एका कंटेनरवर येऊन थांबली.

खरं तर दादा दोन वर्षं आधीपासूनच याच्या मागे होते. केनियाचं त्यांच्या कानावर आलंच होतं. थंड खोलीच्या एका कोपऱ्यात ते बॉक्स बंद करून ठेवायचे, अठ्ठावीस दिवसांनी उघडायचे आणि फुलं पाण्यात उभी करून रोज सकाळी आठ वाजता बघायचे. मी वहीत लिहायची. सात वेळा कळ्यांनी तिसऱ्या दिवशी माना टाकल्या. आठव्या वेळी फुलं नऊ दिवस उभी राहिली. त्यातलं एक फूल दादांनी ठकूमावशीच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि कामाला गेले. मावशीनं ते वाळून काळं पडेपर्यंत टाकलं नाही.

त्या सकाळी दादांना पुण्याला जावं लागलं. फुलांच्या तपासणीच्या दाखल्यावर एक शिक्का राहिला होता आणि तो घेतल्याशिवाय कंटेनर बंदरात शिरला नसता. निघताना त्यांनी मला शेडच्या दारात थांबवलं आणि खिशातून ती डबी काढून दिली. काडेपेटीएवढी पांढरी डबी, तिला एक बटण आणि एक हिरवा दिवा. बटण दाबलं की ती दर पाच मिनिटांनी आतलं तापमान टिपत राहायची, हॉलंडला पोहोचेपर्यंत. याप ती कॉम्प्युटरला लावून सगळा प्रवास बघणार होता.

"पहिला बॉक्स थंड खोलीतनं निघाला की बटण दाबायचं," दादा म्हणाले. "आन् शेवटच्या बॉक्सात ठेवायची. दार उघडं असंस्तोवर कंटेनरचं गार करायचं यंत्र बंद पाहिजे. चालू ठेवलं की ते भायेरची ओल आत ओढतंय, आन् आज धुकं बघ कसलं हाये. भरा, लावा, पाठवा. चाळीस मिनिटं. तू हाईस म्हणून मी चाललोय, कांचन."

मी म्हटलं, काळजी करू नका.

आम्ही रांग लावली. थंड खोलीपासून कंटेनरच्या दारापर्यंत बाया उभ्या राहिल्या आणि बॉक्स हातोहात पुढे सरकू लागले. तोंडातून वाफा निघत होत्या. तीनशे वीस बॉक्स आम्ही पस्तीस मिनिटांत भरले. एक बॉक्स मी मुद्दाम थंड खोलीत राखून ठेवला होता, डबीसाठी. डबी माझ्या एप्रनच्या खिशात होती.

मी तो आणायला वळले तर ठकूमावशी समोर उभी. हातात ताट. ताटात नारळ, तांदूळ, खण, हळदीकुंकवाचा करंडा.

"दार लावायच्या आधी ओटी भरू," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. "कोणाची?"

तिनं कंटेनरकडे मान केली. "लेक चाललीये. साता समुद्रापार चाललीये. मोकळ्या ओटीनं धाडायची?"

मी म्हटलं, मावशी, यातलं काही आत ठेवता येणार नाही. कागदावर फक्त फुलं लिहिलीत. तांदळाचा एक दाणा सापडला तरी तिकडे माल अडवतील.

"तांदूळ अडवत्यात? मग खात्यात काय ती माणसं?"

मागे बाया हसल्या. त्या सकाळी पहिल्यांदाच कोणी हसलं. मी मावशीशी वाद घातला, आणि मला वाटलं मी किती जागी आहे, किती नियमानं चाललेय. शेवटी असं ठरलं की नारळ, खण, तांदूळ दारापाशी धरायचे आणि परत आणायचे. आत काही सांडायचं नाही. हळदीकुंकू मात्र दाराजवळच्या बॉक्सांना लावायचं. पुठ्ठ्याला लागलेल्या कुंकवाला कोण अडवणार होतं?

"ओटी तू भर," मावशी म्हणाली. "तुझ्या हाताची मेंदीबी गेली नाय अजून."

मी ओटी भरली. पाचच मिनिटं लागली असतील. मग बायांनी आपापली रांग केली. मी कोणाला बोलावलं नव्हतं. पॉलिहाऊसमधल्याही आल्या, हातमोजे काढून, डोक्यावर पदर घेऊन. एकेक जण पुढे यायची, बॉक्सांना बोट लावायची, वाकून नमस्कार करायची. कोणी कानशिलावर बोटं मोडली. कोणी फुलांना काहीतरी पुटपुटून सांगत होती. दोन-चार जणींनी डोळे पुसले. त्यातल्या कितीजणींना त्यांच्या स्वतःच्या घरून असं कोणी पाठवलं होतं, मला माहीत नाही. मी दाराशी उभी होते आणि आतून येणारी वाफ माझ्या पायांवरून वाहत होती. ती वाफ कमी कमी होत गेली. गार राहावं म्हणून मी ड्रायव्हरला खूण केली आणि यंत्र चालू करायला लावलं.

हो. मीच लावलं.

दादांचं वाक्य मला आठवत नव्हतं असं नाही. त्या घटकेला आत गरम होतंय एवढंच मला दिसत होतं.

रांग संपली. शेडच्या खांबाशी मावशी एकटी उभी राहिली होती. परत आणलेल्या ओटीचं ताट छातीशी धरलेलं. हळदीकुंकवाला ती कायम अशीच मागे उभी असायची, आणि आम्ही ते कधी पाहिल्यासारखं केलं नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी दार लावायला मी अधीर झाले होते. पण तिच्याकडे बघितलं आणि मला पुढे जाववेना.

"मावशी, तू लाव ना."

"मी?"

"यातलं निम्मं तू निवडलंयस. तुझ्याशिवाय कसं?"

"पोरी, मी नको. माझा हात नको."

"तुझाच हात पाहिजे," मी म्हटलं. एकजण हळूच म्हणाली, लावा की मावशी. मग दुसरी म्हणाली. मावशी आली. तिला यायला किती वेळ लागला म्हणून सांगू, वीस पावलं होती. तिनं करंड्यात बोट बुडवलं, ते तसंच धरून राहिली, आणि मग एका बॉक्सला इतकं हलकं लावलं की डागही नीट उमटला नाही. वळली तेव्हा तिचा चेहरा मी आधी कधीच पाहिला नव्हता असा होता. तशी ती माझ्या लग्नातही दिसली नव्हती.

मी थंड खोलीत पळाले. राखून ठेवलेला बॉक्स उघडला. मावशी माझ्यामागे आली होती, बॉक्स धरायला. मी डबी फुलांच्या दांड्यांमध्ये सरकवली. मावशीनं वाकून बघितलं.

"दिवा लागला का गं?"

"लागला," मी म्हटलं.

शेवटचा बॉक्स चढला, दार लागलं, सील बसलं. कंटेनर धुक्यात गेला. धुकं तेव्हा विरत आलं होतं आणि कोवळं ऊन पडलं होतं. दौलतदादा दुपारी परतले. बंदराच्या वाटेवरच त्यांनी ड्रायव्हरच्या हाती दाखला दिला होता. त्यांनी विचारलं, सगळं नीट? मी म्हटलं, नीट.

पुढचे पंचवीस दिवस मावशी रोज सकाळी माझ्या टेबलाशी यायची. कुठवर आली लेक? मी कॉम्प्युटरवर जहाजाचा ठिपका दाखवायची. अरबी समुद्र. मग तांबडा समुद्र. तो तांबडा कसा नाही दिसत, ती विचारायची. संक्रांतीला तिनं तिळगुळाचा एक लाडू त्या ठिपक्यापुढे, की-बोर्डवर ठेवला. जहाज कालव्यातून गेलं त्या दिवशी तिनं मला विचारलं की एवढ्या अरुंद जागेतून जाताना फुलांना जीव घाबरा होत असेल का. मी हसले. तीही हसली. दौलतदादा मात्र त्या दिवसांत जेवणाचा डबा तसाच घरी न्यायचे, असं त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं.

दोन फेब्रुवारीला यापचे फोटो आले. पहिल्या फोटोत बॉक्सची झाकणं होती, त्यांवर आमची कुंकवाची बोटं. मला वाटलं, पोहोचली. दुसऱ्या फोटोत झाकण उघडलेलं होतं. कळ्यांवर राखाडी लव आली होती, जशी शिळ्या भाकरीवर येते. पाकळ्या कडेनं तपकिरी होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. एक कळी यापनं बोटांत धरली होती आणि ती त्याच्या बोटांतच ओघळली होती. सगळे फोटो तसेच होते. एकूण एक.

मेल मी दादांना वाचून दाखवली. आम्ही दोघंच ऑफिसात होतो. दाराशी मावशी चहाचे कप घेऊन थबकली होती. यापनं चांगल्या शब्दांत लिहिलं होतं. बुरशी ओलीमुळे येते, ओल बहुधा तापमान वरखाली झाल्यानं धरते, म्हणून त्यानं आधी डबीची नोंद तपासली. सोबत आलेख जोडला होता. सुरुवातीला एक बारीक उंचवटा, आणि पुढे हॉलंडपर्यंत सरळ रेष. पुढचं वाक्य मराठीत आणण्याआधी मी मनात दोनदा वाचलं. "नोंदीत कुठे खंड दिसला असता," त्यानं लिहिलं होतं, "तर ती हाताळणीची चूक समजून मी आणखी एक कंटेनर मागवला असता. पण नोंद निर्दोष आहे. तेव्हा तुमच्या फुलाला समुद्र सोसत नाही असंच मला म्हणावं लागतं."

दादांनी आलेख छापून घ्यायला सांगितला. तो कागद त्यांनी खिडकीपाशी नेला. रेषेवरून बोट फिरवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मग परत सुरुवातीशी आणलं. तिथं ते बोट थांबलं.

"कांचन," ते म्हणाले, "बटण कवा दाबलंस?"

पहिला बॉक्स निघाला तेव्हा माझा अंगठा बटणावर होता. तेवढ्यात मला शेडमध्ये मावशीचं ताट दिसलं होतं. तिनं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं होतं की आज काहीतरी होणार आणि मी नाही म्हणणार नाही. दहा मिनिटं जातील, मी मनाशी म्हटलं. ती दहा मिनिटं रेषेत दिसली तर दादा विचारतील, मावशीला बोलतील. मी अंगठा काढून घेतला. चाळीसची सत्तर मिनिटं झाली. थंड खोलीत मावशीच्या देखत डबी सरकवली, तेव्हा मी बटण दाबलं.

दादा माझ्याकडे बघत होते. दाराशी मावशीच्या हातातले कप किणकिणले.

"पहिला बॉक्स निघाला तेव्हा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, दादा."

त्यांनी अजून थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हे मला पकडताहेत. मी नजर खाली घातली नाही. तेवढं मला जमलं. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "मग आपलं फूलच न्हाई टिकत. दोन वर्सं मी उगाच स्वतःची समजूत घालत व्हतो."

मावशी कप टेबलावर ठेवून निघून गेली. कोणी चहा प्यायलं नाही.

एप्रिलमध्ये झाडं उपटली. दादांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही असं नाही, पण पहिली ओळ त्यांनी स्वतः उपटली. पॉलिहाऊसचा कागद फाडताना वाऱ्यानं जो आवाज होतो तो मला अजून सहन होत नाही. इकडे कोणी पावसाळी प्लास्टिक झटकलं तरी मी आत निघून जाते. साठ बाया पांगल्या. काही वीटभट्टीवर, काही तळेगावच्या कारखान्यांत झाडलोटीला. मावशी घरीच बसली. म्हणे हात दुखतात.

जूनमध्ये दौलतदादा इथिओपियाला गेले. तिथं गुलाबांची मोठी शेतं आहेत आणि आपल्याकडच्या माणसांना मागणी आहे. बायको-मुलं इथंच राहिली. जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या घरी आले, चहा घेतला, आणि उठताना खिशातून ती डबी काढून ओट्यावर ठेवली. यापनं ती पोस्टानं परत पाठवली होती.

"तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

मला वाटलं, आठवण म्हणून देताहेत. मी ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. हिरवा दिवा केव्हाच विझला होता. दादा दोन वर्षांतून एकदा येतात. तिथली त्यांची फुलं आता जहाजानं हॉलंडला जातात असं त्यांची बायको सांगते. त्यांच्या दाढीचे केस सगळे पांढरे झालेत.

माझ्या मुलीचं बारसं गेल्या मार्गशीर्षात झालं. किती वर्षांनी झालेली, म्हणून घर माणसांनी भरलं होतं. पाळण्यापाशी बायांची गर्दी होती. मी ठकूमावशीला आग्रहानं बोलावलं होतं. ती आली, पण अंगणातच थांबली. मी बाळाला घेऊन बाहेर गेले तर ती दोन पावलं मागे सरकली आणि हात पदराखाली घेतले. कमरेत बरीच वाकली होती.

"आत चल की मावशी. घे हिला."

"बघितली की. गोड हाये. मी लांबनंच बघते."

"अगं घे ना."

"नको पोरी," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाजी नको म्हणावं तसं. "माझा हात चांगला न्हाई. एकदा लावला, काय झालं ते बघितलंस ना तू. साठ घरांची चूल गेली."

मला क्षणभर काही समजलं नाही. मग समजलं, आणि अंगणातला आवाज सगळा दूर गेला. रेष सरळ होती. चूक कुठेच नव्हती. मग तिनं ती कुठे शोधायची? दादांनी ती आपल्या फुलात शोधली होती. तिला तिचा हात सापडला होता. नऊ वर्षं ती तो पदराखाली घेऊन हिंडत होती, लग्नांत, बारशांत, ओटीभरणांत, आणि मी तिला दर दिवाळीला फराळाचा डबा नेऊन देत होते.

मी तिला तिथंच, अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यावर बसवलं आणि सांगितलं. डबीचं सांगितलं. दार सत्तर मिनिटं उघडं होतं आणि यंत्र मीच चालू करायला लावलं हे सांगितलं. धुक्याची ओल आत गेली, ती बुरशी झाली, तुझ्या बोटाचा काहीएक संबंध नव्हता. बटण मी शेवटी दाबलं आणि दादांना खोटं सांगितलं. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. तिला हादरा बसू नये म्हणून मी रडूसुद्धा शकत नव्हते.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"दिवा तू माझ्या समोरच लावलास," ती म्हणाली. "मला वाटलं, असंच असंल तुमचं."

मी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"दौलत जायच्या आदल्या दिशी आला व्हता माझ्याकडं. मी त्याला म्हणलं, बाबा, माझा हात लागला म्हणून झालं. तर हसला. म्हणला, मावशी, हातानं काय हुतंय? मग इचारलं, तुमी बॉक्सांना कुंकू लावलं कवा? आत असताना का भायेर? म्हणलं, आत चढवल्यावर, दारात. सगळ्याजणी? म्हणलं, सगळ्याजणी. मग दिवा कवा लागला? म्हणलं, सगळ्यांचं झाल्यावर." ती थांबली. "मग उठंना. लई येळ बसला. जाताना एवढंच म्हणला, कांचनकडं चाललोय, तिला यातलं काय बोलू नको."

तिच्याकडून उठून दादा माझ्याकडे आले होते. एकाच दिवशी. चहा प्यायले होते माझ्या हातचा.

आता मला दादा खिडकीपाशी उभे दिसतात, रेषेच्या सुरुवातीशी बोट ठेवून. ते मला पकडत नव्हते. मी 'चुकले दादा' म्हणावं म्हणून ते थांबले होते. तेवढंच त्यांना हवं होतं: एक चूक. चूक सापडली असती तर दुसरा कंटेनर होता.

घरातून कोणीतरी हाक मारली, बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली म्हणून. मी बाळाला मावशीपुढे धरलं. ती माझ्याकडे बघेना. उठली, कट्ट्याचा आधार घेतला.

"हात धुऊन येते," ती म्हणाली.

परड्यातल्या नळाशी गेली. मी उभी राहिले. आतून पुन्हा हाक आली. नळाचं पाणी वाहत राहिलं, वाहत राहिलं, आणि मी म्हटलं, येईल की नाही कोण जाणे. मग ती आली. ओले हात पुढे करून, पदराला न पुसता. मी बाळ तिच्या हातांत दिलं. ते हात इतके गार होते की बाळ झोपेत दचकलं, तोंड वेडंवाकडं केलं, पण रडलं नाही.

मावशीनं तिला पाळण्यापर्यंत नेलं. मी तिच्यामागून चालले. ती वीस पावलं होती की जास्त, मी मोजली नाहीत.

इथिओपियाचा नंबर माझ्याकडे आहे. दुपारी बाळ झोपतं तेव्हा तो मी काढते. तिथं तेव्हा सकाळ असते, दादा फुलं बघायला निघाले असतील. डबी समोर ठेवते. अजून फोन लावला नाही.